एका कवितेपुरतं इंजिन

३ ऑक्टोबर

भावोजी,

डोंगररस्त्यावर वळण जवळ आलं की ताई ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायची आणि गाडी शिंकायची. आठवतो तो आवाज? आधी लांबलचक शीळ, चढत चढत जाणारी, आणि मग एकदम 'फ्श्श्यू'. भर सभेत दाबून धरलेली शिंक एखाद्या सभ्य माणसाला अखेर अनावर व्हावी तशी. तुम्ही मला समजावून सांगितलं होतं, की टर्बो इंजिनात हवा कोंबतो, आणि पाय उचलला की त्या कोंबलेल्या हवेला बाहेर पडायला वाट लागते. मी मान डोलावली होती. मला त्यातलं एवढंच उमगलं, की दम भरून घेणाऱ्याला तो सोडताही यायला हवा. चांगल्या कवितेतही तसंच असतं.

परवा सकाळी समोरच्या थांब्यावर बस थांबली आणि तिने ब्रेकची हवा सोडली. मी दूध गॅसवर ठेवून खिडकीशी धावलो. धावलो म्हणजे माझ्या गुडघ्यांच्या हिशोबाने धावलो. दूध उतू गेलं. लेक म्हणाली, "बाबा, बस आहे ती." मी म्हटलं, "मला दिसतंय." पण खिडकीशी जरा वेळ उभा राहिलो.

लेक मला तिच्या घरी नेते आहे. आठवा मजला. तिचं म्हणणं, "पुस्तकं आणा, खुर्ची आणा, तो खडखडणारा पंखाही आणा. पण बाबा, गाडी लिफ्टमध्ये मावत नाही." हे घर वर्षअखेरीला सोडायचं, आणि घराबरोबर मागची शेडही. म्हणून ताईची गाडी लिलावाला जाते आहे.

हे वाक्य मी दोनदा लिहून खोडलं. तुम्हाला न कळवता काही करणं बरं दिसलं नसतं. गाडी माझ्याकडे ठेवायला ताईनेच सांगितलं होतं, दवाखान्यात, तुमच्या देखत. "मास्तरकडे ठेवा. त्याला चालवता येत नाही, म्हणजे ठोकायची धास्ती नाही." तेव्हा नर्ससुद्धा हसली होती. शर्यतीत तिच्या शेजारी बसून वळणं वाचून दाखवणारा मी, आणि मला साधं रिव्हर्सही घेता येत नाही, हा तिचा आवडता विनोद होता. तो तिने शेवटपर्यंत जपून वापरला.

लिलावघराने छोटं माहितीपत्रक पाठवलं आहे. शर्यतीत उतरवायची तर तशीच गाडी रस्त्यावर विकलीही पाहिजे, या नियमापायी त्या जपानी कंपनीने ही मोजकीच काढली होती, वगैरे. तिला ते 'परफॉर्मन्स सलून' म्हणतात. कोपऱ्यावरच्या केस कापणाऱ्याला मी हे वाचून दाखवलं, तर म्हणाला, "मास्तर, पाटी आजच बदलतो." पण त्या रुक्ष कागदावर एक ओळ अशी आहे, की मी ती अधोरेखित करून ठेवली: 'बाहेरून कुटुंबाची, आतून शर्यतीची.' हे गाडीबद्दल आहे हे कळायला मला थोडा वेळ लागला. आठवडाभर औषधाच्या दुकानात चष्मा नाकावर ओढून डॉक्टरांचं अक्षर लावत बसणारी बाई, आणि रविवारी तीच, हेल्मेट घालून. दुसऱ्या कोणाबद्दल असं लिहिता येईल?

उत्तराची घाई नाही. घरी सगळ्यांना नमस्कार.

मास्तर


१४ ऑक्टोबर

भावोजी,

लिलावघराकडून गाडी तपासायला एक मुलगी आली होती. मुलगी म्हणजे माझ्या लेकीच्या वयाची बाई, पण शाळेत जन्म गेला की सगळी मुलंच वाटतात. खाणीत उतरल्यासारखा कपाळाला दिवा बांधून आली आणि पाणीसुद्धा न घेता सरळ गाडीखाली शिरली. बूट तेवढे बाहेर राहिले. मी बुटांशी बोलत बसलो.

"काका, ही कधीपासून उभी आहे?"

"उभी कुठे? दर रविवारी चालू करतो मी."

"किती वेळ?"

"एक कविता होईपर्यंत."

बूट हलायचे थांबले. "म्हणजे किती?"

"शाळेच्या पुस्तकातली एक कविता. मी स्टुलावर बसून म्हणतो. संपली की चावी फिरवतो. लहान असली तर दोन म्हणतो."

ती घसरत बाहेर आली आणि फरशीवर बसूनच माझ्याकडे बघू लागली. चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गात एखादा मुलगा अगदी मन लावून चुकीचं गणित सोडवत असला, की मी जसा बघायचो तशी बघत होती.

"काका, थंडीत तोंडातून वाफ येते ना, तसं इंजिन चालू केलं की आत पाणी धरतं. इंजिन चांगलं तापलं की ते उडून जातं. तापायच्या आत बंद केलं तर तिथेच राहतं. इतकी वर्षं तुम्ही दर रविवारी हिला पाणी पाजत होतात." तिने सायलेन्सरवर बोटाने टकटक केली. बोट आरपार गेलं. गंजाचा भुगा तिच्या बाहीवर सांडला. "गाडीला एकतर झोपू द्यायचं, नाहीतर दमेपर्यंत पळवायचं. हे मधलं, जरासं चालू करून बंद करणं, हेच तिला सगळ्यात वाईट."

मी विचारलं, "मोठी कविता घेतली असती तर?"

"खंडकाव्य लागलं असतं."

तिला खंडकाव्य माहीत आहे या आनंदात मी सायलेन्सर विसरलो. मग तिच्या सांगण्यावरून इंजिन चालू केलं. अजूनही एका चावीत लागतं, भावोजी. ती घरघर, पोटातून येणारी. मी तिला म्हटलं, "ही उभी असली की भुजंगप्रयातात असते. लगागा लगागा लगागा लगागा." तिला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट आहे, पण कान दिला आणि मान हलवू लागली. म्हणाली, "तिसऱ्या गणाला अडखळतेय."

"त्याला यतिभंग म्हणतात."

"आम्ही मिसफायर म्हणतो."

तुम्ही हिला भेटायला हवं होतं. तुमच्यासारखीच कान तिरका करून ऐकते. ताईचा पाय पोचावा म्हणून क्लचच्या पेडलवर तुम्ही बसवलेला लाकडी ठोकळा तिला सापडला, तेव्हा दिवा त्यावर धरून कितीतरी वेळ बघत बसली. कडा कशा गोल केल्यात, बूट सरकू नये म्हणून वरून खाचा कशा पाडल्यात. "हे काम कोणाचं?" "माझ्या भावोजींचं," मी म्हटलं. वर्गात पहिला आलेल्या मुलाच्या बापासारखा माझा आवाज झाला असावा. "याला कोणी हात लावायचा नाही," ती म्हणाली. "मूळचं नाही, पण ही गाडी कोणासाठी होती ते यावरून कळतं."

टायर, ब्रेक, पट्टे, सायलेन्सर सगळं बदलून घेणार आहे. मग त्यांचा माणूस येऊन ती चालवून दाखवेल. रविवारची कविता मी बंद केली आहे. सवयीने शेडमध्ये जातो आणि स्टुलावर गप्प बसतो.

आपला,
मास्तर


२६ ऑक्टोबर

भावोजी,

या वेळी मात्र उत्तराची घाई आहे.

लिलावघराचा चालवणारा आला होता. माणूस कुशल, नम्र. पण गाडी किती मोलाची आहे हे त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, तिथे घोळ झाला. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा तो तिला चालवू लागला. औषधाच्या दुकानापर्यंत गेली आणि खोकायला लागली. मागून काळा धूर. हळू चालवल्याने काजळलेले प्लग काढून पुसले, पुन्हा नेली. या वेळी शाळेच्या फाटकापर्यंत. पुन्हा तेच. तो उतरून गाडीभोवती फिरला, तिच्या छपरावर हात ठेवला आणि म्हणाला, "हिला काय हवंय ते मला कळतंय. पण माझी छाती होत नाही."

मला तुम्ही आठवलात. "हिला लाडावू नका, ही लाडाने आजारी पडते," असं तुम्ही ताईला बजावायचात, आणि ती म्हणायची, "मग नवऱ्यासारखी आहे म्हणा."

कपाळाला दिवा बांधून आलेल्या त्या दिव्याच्या मुलीने मला बाजूला घेऊन सगळं स्पष्ट सांगितलं. एकवीस नोव्हेंबरला त्यांची यादी छापायला जाते. त्याच्या आत गाडी डोंगराच्या माथ्यापर्यंत जाऊन स्वतःच्या पायांनी परत आली, तर ती चालती गाडी म्हणून लिलावात उभी राहील आणि चालवणारे लोक ती घ्यायला येतील. नाहीतर तिची नोंद 'सुट्या भागांसाठी' अशी होईल. "मग गाडीवाले येत नाहीत, काका. इंजिनवाले येतात. हे इंजिन मिळावं म्हणून माणसं टपून बसली आहेत. इंजिन एकीकडे जाईल, गिअरबॉक्स दुसरीकडे. राहिलेलं कोणाला नको असतं."

राहिलेलं म्हणजे ताईची सीट. राहिलेलं म्हणजे तो ठोकळा, आणि डाव्या दाराच्या आत माझ्या कोपराने घासून पडलेला डाग.

एक इंजिनवाला तर कालच येऊन गेला. गोड बोलतो. तोंडात सतत काहीतरी चघळत असतो. त्याने बॉनेट उघडायला लावलं, आत डोकावला आणि डोळे मिटले, जेवायला बसलेल्या माणसासारखे. दारांकडे, सीटकडे एकदाही बघितलं नाही. जाताना म्हणाला, "आजोबा, उरलेलं भंगार मीच उचलवून घेईन, तुम्हाला त्रास नको." मी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि फाटक दोनदा लावलं.

तर भावोजी, तुम्ही या. मागणं सरळ आहे. ही गाडी ज्याच्या हातून चालली असा जिवंत माणूस एकच आहे. प्रत्येक दुरुस्तीनंतर डोंगर चढून, परत येऊन, "घ्या, आता तुमची," म्हणत ताईच्या हातात चावी देणारे तुम्ही. तुम्हाला तिची किंमत माहीत असूनही तिची भीती वाटणार नाही. एक दिवस पुरे. उतरायला इथे जागा आहे, नको असेल तर कोपऱ्यावर बरी लॉजही आहे.

फोनही केला होता. एका बाईंनी उचलला. मी ठेवून दिला. खोडी काढून बाकाखाली लपणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली, आणि या वयात त्यांच्यात जाऊन बसलो.

वाट बघतो.

मास्तर


७ नोव्हेंबर

भावोजी,

तुमचं पत्र नाही. रागावला असाल तर तसं लिहा. दोन ओळीही चालतील, वृत्तात नसल्या तरी.

आज शेडमध्ये बसलो होतो आणि ती धुक्याची शर्यत डोळ्यांपुढे आली. तुम्ही वर माथ्यावर उभे होतात, म्हणून आत काय चाललं होतं ते तुम्हाला पुरतं कधी कळलंच नाही. सांगतो.

शेजारी बसणारा बाकीच्या गाड्यांत वळणं कशी वाचतो, ते मी ऐकलं होतं. बाजारभाव वाचल्यासारखं. डावं, उजवं, डावं. इंजिनच्या त्या गोंगाटात ताईला ते ऐकूच जायचं नाही. मग मी सगळ्या रस्त्याला चाल लावली. लांब सरळ पट्ट्याला संथ चाल, जवळजवळ येणाऱ्या वळणांना तुटक. आवाज बुडाला तरी ठेका पोचतो, हे मला वर्गामुळे ठाऊक होतं. मागच्या बाकावरच्या मुलांना शब्द कधीच कळत नाहीत, पण डोकी हलत असतात. ताई सुरुवातीला हसली. मग एका शर्यतीत मी घसा बसला म्हणून साधं वाचलं, तर निम्म्या वाटेत म्हणाली, "मास्तर, हे काय बिल वाचतोस? गा."

त्या दिवशी धुकं असं, की बॉनेटचं टोक दिसेना. पुढच्या गाड्या दिवे लावून रांगत होत्या. मी म्हटलं, ताई, दमाने. ती म्हणाली, "तुला रस्ता पाठ आहे ना?" "पाठ आहे." "मग तुझ्या भरवशावर जाते. चुकवू नकोस." आणि तिने पाय दाबला. भावोजी, मी जन्मभर कविता शिकवल्या, पण माझ्या शब्दावर कोणी एवढ्या वेगाने भरवसा टाकलेला मी पाहिला नाही. शीळ चढत गेली. वळण आलं की शिंक. पुन्हा शीळ. मध्येच ती म्हणाली, "चाल बदल, रस्ता बदलला," आणि खरंच, मी एक ठेका उशीर करत होतो. तिला तो रस्ता माझ्या तोंडून दिसत होता आणि माझी चूकही.

माथ्यावर धुक्यातून बाहेर पडलो तर तुम्ही रस्त्याकडे पाठ करून उभे. सगळे घड्याळं बघताहेत आणि तुम्ही डोळे मिटून दरीकडे कान दिलेला. नंतर तुम्ही ताईला प्रत्येक वळणावर तिने कुठे पाय उचलला ते सांगितलंत. एके ठिकाणी म्हणालात, "इथे उचलायला नको होता." ती म्हणाली, "इथे मी घाबरले." तुम्ही म्हणालात, "ऐकू आलं." आणि तिची हेल्मेटची गाठ सोडलीत. आम्ही तिसरे आलो होतो, दोन मोठ्या कंपन्यांच्या मागे. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत बसलो, कारण नवरा-बायकोचं बोलणं चाललं होतं, फक्त ते सगळं इंजिनबद्दल होतं.

आता जे लिहायचं टाळत आलो ते लिहितो. तुम्ही पुन्हा संसार मांडलात, त्याचं मला वाईट वाटलं नाही. एकटा माणूस शेडमध्ये पाना हातात धरून तासन्‌तास नुसता बसतो, हे मी बघत होतो. कोणीतरी तुम्हाला तिथून उठवलं याचं बरंच वाटलं. अडलं ते निराळ्याच ठिकाणी. भावाची बायको वहिनी, मामाची मामी, काकाची काकू. बहिणीच्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोला काय म्हणायचं? मी शब्दांवर पोट भरलेला माणूस, मला हाकच सापडेना. तुमच्या दारात उभं राहून काय म्हणणार होतो? म्हणून आलो नाही. मग वर्षातून एकदा दोन ओळींचं कार्ड. तुमच्याकडूनही दोन ओळी. बरे आहोत, बरे असा.

ती मुलगी सायलेन्सरवर टकटक करत होती तेव्हा मला ती कार्डं आठवत होती.

या भावोजी. दोघंही या.

मास्तर


१५ नोव्हेंबर

भावोजी,

आज थोडंच लिहितो. इंजिनवाला पुन्हा आला होता, या वेळी टेप घेऊन. शेडच्या दाराची रुंदी मोजली. क्रेन आत येईल का बघत होता. लेक कामावरून आली तेव्हा तो अजून फाटकाशी होता. तिने विचारलं, "तुम्ही कोण?" तो म्हणाला, "मी इंजिन न्यायला येणार आहे." ती म्हणाली, "माणूस जायच्या आधी मापं घ्यायला येतात, तशातले दिसता." मला वाटत होतं तिला या गाडीची अडगळ होते. तिची आत्या तिला शाळेतून याच गाडीतून आणायची, मागच्या सीटवर झोपवून, हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती.

संध्याकाळी दोघं शेडमध्ये बसलो. ती मागच्या सीटवर आडवी झाली. पाय आता बाहेर येतात. म्हणाली, "बाबा, काका खरंच येणार नाहीत का?"

मी म्हटलं, येतील. तिच्यापुढे दुसरं काय म्हणणार?

मास्तर


२१ नोव्हेंबर, सकाळ

भावोजी,

आज यादी बंद होते. दिव्याची मुलगी दुपारी येणार आहे, त्यांच्या चालवणाऱ्याला घेऊन. तो शेवटचा एकदा बघतो म्हणतो. भला माणूस आहे, त्याने काल रात्री झोप घेतली नसणार. पण मला माहीत आहे, शाळेच्या फाटकापलीकडे त्याचा पाय दबणार नाही. जी गाडी मोडू नये म्हणून जीव मुठीत धरून चालवतात, ती गाडी तिथेच मोडते.

तुम्ही आला नाहीत याची तक्रार करायला हे पत्र लिहीत नाही. तुमची काही अडचण असेल. आज सकाळी उठून मी गाडी पुसली. ताई पुसायची तशी, छपरापासून खाली. राखाडी रंग अजून खोल आहे, त्यात माझं तोंड दिसतं, आणि ते तोंड बघून मला वाटलं की या गाडीचं आपण तिघांनी बरं केलं. तुम्ही तिला तयार केलंत, ताईने तिला जगवलं, आणि मी तिला कविता ऐकवल्या. त्याने तिचा सायलेन्सर गेला, पण दुसऱ्या कोणत्या गाडीला इतकं पाठांतर असेल? आज ती सुट्या भागांत गेली, तर ते भाग जिथे जातील तिथे चांगलंच काम करतील. तुमच्या हाताखालून गेलेलं काहीही वाया जात नाही. हे मी स्वतःला सकाळपासून सांगतो आहे आणि मला ते

दाराची घंटा वाजली. थांबा. मुलगी लवकर आली वाटतं.


उठून गेलो होतो. आता उभ्यानेच, भिंतीला कागद टेकवून लिहितो आहे, म्हणून अक्षर वाकडं आहे.

दारात दिव्याची मुलगी नव्हती. एक उंच बाई होत्या. पांढरे केस आखूड कापलेले, खांद्याला कॅनव्हासची जड पिशवी, आणि पिशवीतून लोखंड लोखंडावर वाजल्याचा आवाज. मी आधी त्यांचे हात पाहिले. बोटांच्या पेरांत तो काळेपणा, जो कितीही साबण लावला तरी जात नाही. तुमच्या हातांना होता तो.

"मास्तर ना?" त्या म्हणाल्या.

"हो."

"त्यांना यायला जमत नाही. उन्हाळ्यापासून उजवी बाजू चालत नाही त्यांची. बोलतात, पण सावकाश. लिहिता तर येतच नाही. तुमची पत्रं मी वाचून दाखवते."

भावोजी, मी सगळी पत्रं मनात भराभर उलटी वाचून काढली.

"सगळी?" मी विचारलं.

"सगळी. दुसऱ्या बायकोला काय म्हणायचं, तेसुद्धा. ते पान त्यांनी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी मला हसू आवरेना, म्हणून थांबावं लागलं."

त्यांनी मला अवघडू दिलं नाही. "उत्तर मी लिहिणार होते. त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, पत्राने गाडी डोंगर चढत नाही, तू जा. मी म्हटलं, तुमच्याजवळ कोण? तर म्हणाले, शेजारीण आहे, आणि तू इथे बसून काय करणार, आलेलं पत्र परत वाचणार?"

"तुम्ही..." मी म्हटलं. "तुम्हाला गाडी..."

"त्यांच्या गॅरेजात मी कामाला लागले, तेव्हा पाना उलटा धरायचे. त्यांनीच शिकवलं. आता गॅरेज मी बघते, चाचणीला गाड्या मीच नेते. येताना सगळ्या वाटेवर त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतलेली ही गाडीच म्हणत आले. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं."

"तुम्हाला तिची भीती नाही वाटत?"

"गाडीची नाही." त्यांनी माझ्या खांद्यावरून आत घरात पाहिलं, ताईच्या फोटोकडे, आणि तिथून नजर लगेच काढली नाही. "या घंटेची वाटली. कोपऱ्यावरून दोनदा परत फिरले. तो केस कापणारा दारात उभा राहून बघत होता."

मी बाजूला झालो. त्या मात्र उंबऱ्याबाहेरच थांबल्या. माझ्या हातातला कागद त्यांना दिसला.

"त्यांनाच लिहीत होतात?"

"हो."

"मग पुरं करा. परत जाऊन वाचून दाखवायला मला काहीतरी हवं. आल्याबरोबर तेच मागतील."

म्हणून, भावोजी, हे पुरं करतो आहे. त्यांनी पिशवी खाली ठेवली आहे, जॅकेटच्या बाह्या वर सारल्या आहेत, आणि शेड कुठल्या बाजूला आहे हे कोणी न सांगता त्यांचं तोंड तिकडेच वळलं आहे. मी त्यांना अजून कोणत्याच नावाने हाक मारलेली नाही, आणि त्यांना त्याची काही घाई दिसत नाही.

"झालं लिहून?" त्या दारातून विचारताहेत. "मी आत येऊ, की आधी तिच्याकडे जाऊ?"